सॉफ्टवेअरची नोकरी: पहिली दहा वर्षे आणि त्यानंतरची

एमएचटी-सीईटीचा निकाल लागून कॅप राउंडचे वेळापत्रक जाहीर झाले की ओळखीतल्या पालकांचे फोन येऊ लागतात. कॉम्प्युटर घ्यावे की आयटी, ‘एआय अँड डेटा सायन्स’ ही शाखा खरी की नुसती पाटी बदललेली, पुण्यातले साधारण कॉलेज बरे की सांगली-सोलापूरकडचे जुने आणि नावाजलेले, असे प्रश्न असतात. आणि फिरून फिरून ते एकाच जागी येऊन थांबतात: प्लेसमेंट किती आणि पॅकेज काय. प्रश्न रास्त आहेत, पण ते सगळे नोकरीच्या पहिल्या दिवसाविषयी आहेत. मी २००३ साली या व्यवसायात आले आणि अजूनही पुण्यात याच कामात आहे. एवढ्या काळात माझे मत असे झाले आहे की सॉफ्टवेअर अभियंत्याच्या नोकरीचे बहुतेक फायदे पहिल्या दहा-बारा वर्षांत पदरात पडतात, तिची किंमत त्यानंतर मोजावी लागते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून निघतात.

आधी जमेची बाजू सांगते, कारण ती मोठी आहे आणि या क्षेत्रात मुरलेल्या माणसांना तिचा विसर पडत चालला आहे. डॉक्टर व्हायचे तर एमबीबीएसनंतर पीजी पूर्ण होईपर्यंत तिशी जवळ येते. वकिलीत सुरुवातीची काही वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली जवळजवळ फुकट राबण्यात जातात. धंद्याला भांडवल लागते. आणि सरकारी नोकरीसाठी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये उमेदीची वर्षे घालूनही हाती काही लागेल याची खात्री नसते. सॉफ्टवेअरने यांपैकी काहीच मागितले नाही. माझी पदवी इन्स्ट्रुमेंटेशनची. माझ्या ट्रेनिंगच्या तुकडीत मेकॅनिकलचे होते, सिव्हिलचे होते, इचलकरंजीहून टेक्स्टाइल शिकून आलेला एक जण होता, आणि तीन महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर आम्ही सगळे एकाच पंक्तीला बसलो. वडील काय करतात, आडनाव काय, इंग्रजी कुठल्या शाळेतले, याचा या क्षेत्रात काहीच फरक पडत नाही असे मी म्हणणार नाही. पण इतर व्यवसायांच्या मानाने तो कमी पडतो. वाकड, रावेत किंवा पिंपळे सौदागरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमधून एक फेरी मारावी: एमएच १३, एमएच १९, एमएच २२, एमएच २४ अशा सोलापूर, जळगाव, परभणी, लातूरच्या नंबरप्लेट ओळीने दिसतात. त्या गाड्यांच्या मालकांपैकी पुष्कळांच्या घरी त्यांच्याआधी कोणी पदवीधर नव्हते. एका पिढीत इतक्या कुटुंबांना शेतीच्या आणि किरकोळ नोकरीच्या ओढग्रस्तीतून बाहेर काढणारा दुसरा व्यवसाय महाराष्ट्रात माझ्या पाहण्यात नाही.

हे दार इतके सताड का उघडे राहिले, याला इतिहास आहे. पुण्यात टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१मध्ये आले, सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था १९८८मध्ये स्थापन झाली आणि १९९१मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. म्हणजे वरच्या दर्जाचे संगणकाचे काम येथे आधीपासून चालू होते, पण नोकऱ्यांचा पूर त्यातून आला नाही. तो आला सेवांच्या निर्यातीतून. १९९१मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स म्हणजे एसटीपीआय ही संस्था आली, तिच्या पहिल्या केंद्रांत पुणे होते, कंपन्यांना उपग्रहामार्फत परदेशाशी जोडणी मिळाली, निर्यातीच्या उत्पन्नावर करसवलत मिळाली, आणि दशक संपता संपता वायटूकेचे काम समोर आले. कोबॉल या जुन्या संगणक-भाषेतल्या प्रोग्रामांमध्ये साल दोन आकड्यांत साठवलेले असे. २००० उजाडले की ते ‘००’ होऊन १९०० समजले जाण्याची भीती होती. असंख्य ओळी वाचून त्यांतल्या तारखा शोधायच्या, दुरुस्त करायच्या आणि तपासून परत पाठवायच्या, या कामाला प्रतिभेपेक्षा चिकाटी आणि माणसांची संख्या जास्त लागत होती. भारतीय कंपन्यांनी ती संख्या पुरवली, आणि तिची किंमत तासांवर लावली. वायटूके संपले, तासांचा हिशेब मात्र तसाच राहिला.

बाहेरच्या माणसाला हा हिशेब सहसा ठाऊक नसतो, म्हणून तो उलगडून सांगते. सेवा देणारी कंपनी परदेशी ग्राहकाला प्रत्येक माणसामागे तासाचा दर लावते. उदाहरणापुरता तो २५ डॉलर धरू. महिन्याचे १६० तास धरले तर ४,००० डॉलर होतात, म्हणजे ८५ रुपयांच्या भावाने ३ लाख ४० हजार रुपये. त्या जागी वर्षाला ४ लाखांचा नवखा मुलगा बसवला तर तो कंपनीला महिन्याला ३३ हजारांच्या आसपास पडतो. वर्षाला ३० लाख घेणारा ज्येष्ठ बसवला तर अडीच लाखांना. इमारतीचे भाडे, वीज, लॅपटॉप, बस, विक्री विभागाचा खर्च आणि भागधारकांचा नफा हे सगळे उरलेल्या रकमेतून निघायचे असते. ज्येष्ठाचा दर अधिक लावता येतो हे खरे, पण त्याचा पगार जितक्या पटीने वाढलेला असतो तितक्या पटीने ग्राहक दर वाढवून देत नाही. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टमध्ये खाली पुष्कळ नवखे, मध्ये थोडे अनुभवी आणि वर एक-दोन जाणते अशी रचना केली जाते. तिला सगळे ‘पिरॅमिड’ म्हणतात. ज्याचे तास ग्राहकाला लावलेले आहेत तो ‘बिलेबल’, ज्याचे नाहीत तो ‘बेंच’वर, आणि जो काम तर करतो पण ज्याचे पैसे ग्राहक देत नाही तो ‘शॅडो’. दर शुक्रवारी टाइमशीट भरण्यासाठी जी आठवणपत्रे येतात ती वक्तशीरपणाच्या प्रेमापोटी येत नाहीत; कंपनीचे बिल त्या टाइमशीटवरून निघते.

एवढे समजले की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. पिरॅमिडचा पाया रुंद हवा म्हणून दारात कोणाला अडवले जात नाही, आणि वर निमुळता हवा म्हणून मध्यावर पोहोचलेल्यांची गर्दी हा कायमचा प्रश्न होऊन बसतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. शाळकरी मुलालाही सोडवता येईल असे ते गणित आहे. पण आपण त्या गणितात कुठे उभे आहोत हे ज्याला त्याला आपले आपणच पाहावे लागते, कारण ऑफर लेटरमध्ये ते लिहिलेले नसते.

ऑफर लेटरचा विषय निघालाच आहे तर आजच्या नवख्याचे पॅकेजही उघडून पाहू. सेवा कंपन्यांत साधारण पदवीधराला २०१०च्या सुमारास ३ ते साडेतीन लाख मिळत. आज साधारण साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात. मधल्या काळात बाजारभाव दुपटीहून अधिक झाले. त्यातही ‘सीटीसी’, म्हणजे माणसामागे कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण खर्च, हा आकडा हातात येत नाही. ३ लाख ६० हजारांचे महिन्याला ३० हजार होतात. मूळ वेतन निम्मे धरले तर त्यातून भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा १,८०० आणि स्वतःचा वाटा १,८०० जातो, पाच वर्षे टिकल्याशिवाय न मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीपोटी सातशेच्या वर रक्कम धरलेली असते, व्यवसाय कर २०० रुपये असतो, विम्याचा हप्ता आणि वर्षअखेरीस कंपनीच्या मर्जीने मिळणारा ‘व्हेरिएबल’ भाग असतो. हाती २४ हजारांच्या आसपास येतात. हिंजवडीत पेइंग गेस्ट म्हणून एक खाट, मेसचा डबा आणि जाण्या-येण्याचा खर्च वजा केल्यावर गावी पाठवायला काय उरते याचा हिशेब पालकांनी मुलासोबत बसून एकदा करावा. तरीही मी ही नोकरी घेऊ नका असे म्हणत नाही, कारण येथे पगार खऱ्या अर्थाने वाढतो तो तिसऱ्या वर्षानंतर, कंपनी बदलताना. जागेवर राहणाऱ्याला वर्षाला एक आकडी टक्के मिळतात आणि बदलणाऱ्याला चांगल्या काळात तीस-चाळीस टक्के, हा या व्यवसायातला उघड अन्याय आहे. तो टाळण्यासाठी कंपन्यांनी पगाराची पद्धत सुधारण्याऐवजी नोटीस पिरियड ९० दिवसांचा करून ठेवला.

पैशापलीकडचे सुख या कामात आहे का, असे मला विचारले जाते. आहे, आणि ते कसे असते हे एका रात्रीवरून सांगता येईल. परदेशातल्या एका विमा कंपनीचे रात्रीचे बॅच, म्हणजे दिवसभराचे साठलेले काम एकदम उरकणारा प्रोग्राम, आम्ही सांभाळत होतो. दिवसभराचे दावे एका फाइलीत येत, प्रोग्राम त्या फाइलीतली एकेक नोंद डेटाबेसमध्ये भरत असे आणि सकाळी तिकडच्या शाखा उघडायच्या आत ते काम संपावे लागे. एका रात्री ते मध्येच थांबले. पुन्हा चालवले, पुन्हा त्याच ठिकाणी थांबले. मेमरी पाहिली, नेटवर्क पाहिले, डेटाबेसच्या माणसाला उठवले; सगळे ठीक होते. शेवटी मी लॉगमधली, म्हणजे प्रोग्रामने केलेल्या कामाच्या नोंदवहीतली, शेवटची यशस्वी नोंद शोधून फाइलीत तिच्या पुढची ओळ उघडली. विमाधारकाचे आडनाव होते ओ’ब्रायन. पूर्वी कोणीतरी लिहिलेला तो प्रोग्राम नाव जसेच्या तसे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या वाक्यात चिकटवत होता, आणि त्या भाषेत मजकूर एकेरी अवतरणचिन्हांमध्ये लिहितात. आयरिश आडनावातल्या त्या चिन्हाने मजकूर तेथेच संपला असे डेटाबेस समजत होता आणि पुढच्या ‘ब्रायन’चे काय करायचे हे त्याला कळत नव्हते. तात्पुरता उपाय एका अक्षराचा होता, ते चिन्ह दोनदा लिहिण्याचा. पक्का उपाय, म्हणजे नाव वाक्यात न चिकटवता वेगळे पाठवण्याचा, आम्ही नंतर केला. काम पुढे सरकले तेव्हा जो आनंद झाला त्याची तुलना मला दुसऱ्या कशाशी करता येत नाही. गूढ वाटणाऱ्या बिघाडाला नेमके कारण असते, ते सापडू शकते आणि सापडल्यावर काही मिनिटांत दुरुस्त होते, असे समाधान फार थोड्या नोकऱ्या देतात.

त्याच रात्रीची दुसरी बाजूही सांगायला हवी. झोपायला पहाट झाली आणि सकाळी साडेनऊचा स्टँडअप, म्हणजे पथकाची रोजची छोटी बैठक, ठरल्याप्रमाणे झाला. जागलेले तास टाइमशीटवर चढवता आले नाहीत, कारण देखभालीच्या करारात महिन्याची रक्कम आधीच ठरलेली होती. वर्षअखेरच्या मूल्यमापनात त्या रात्रीचा उल्लेख एका ओळीत झाला. मला त्याचे फार वाईट वाटले नाही, पण पुढच्या माणसांना मी हे सांगत असते की या नोकरीत सर्वांत कौशल्याचे काम आणि सर्वांत जास्त मोजले जाणारे काम एकच असेल अशी अपेक्षा ठेवू नये.

शिकण्याच्या बाबतीत हा व्यवसाय विलक्षण दिलदार आहे. १९९१मध्ये सुरू झालेल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळा कोड कोणालाही वाचायला मोकळा आहे. पायथॉन, पोस्टग्रेस, गिट ही रोजची हत्यारे फुकट मिळतात. परभणीत जुन्या लॅपटॉपवर बसलेला विद्यार्थी तेच दस्तऐवज वाचतो जे कॅलिफोर्नियातला अभियंता वाचतो. शल्यचिकित्सा किंवा पूलबांधणी घरी बसून अशी शिकता येत नाही. पण येथे शिकलेले टिकत नाही, हीसुद्धा तितकीच पक्की गोष्ट आहे. वेबसाइटवर हलती चित्रे आणि खेळ बनवण्याच्या फ्लॅश या तंत्रात निपुण असलेल्या माणसांना मी मागणीच्या शिखरावर पाहिले आहे. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा आधारच बंद केला. वेबपाने बनवण्याच्या अँग्युलरजेएस या साधनाची जुनी आवृत्ती २०२१च्या अखेरीस निवृत्त झाली. याउलट १९७०च्या दशकातले एसक्यूएल आज सकाळीही मी लिहिले, १९९५ची जावा अजून बँका चालवते, आणि कोबॉल तर कोणी कितीही नाके मुरडली तरी गेलेले नाही. जाहिरातीत ज्याचे नाव मोठ्या अक्षरात असते ते सहसा लवकर विटते, आणि डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्याची सवय, ज्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर बनवायचे त्या धंद्याची समज, यांचे मोल बरेच टिकते. अडचण इतकीच की भरतीची चाळणी पहिल्या प्रकारच्या नावांवर लागते, दुसऱ्या प्रकारच्या गुणांवर लागत नाही. ‘विम्यातला दावा कसा चालतो हे हिला माहीत आहे’ असा रकाना रेझ्युमेत नसतो.

वेळेचे गाऱ्हाणे सगळेच करतात, म्हणून मी एकाच गोष्टीपुरते बोलते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी नऊ वाजताची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे जातात आणि मार्चपर्यंत तीच मीटिंग साडेसातला येते. पुण्यात थंडीच्या दिवसांत सातनंतर मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, म्हाताऱ्या माणसांची औषधे यांची गडबड असते, नेमक्या त्याच वेळी पुढचे चार महिने कोणीतरी एक जण घरातल्या घरात दार लावून बसलेले असते. करोनानंतर घरून काम करण्याची मुभा मिळाली तेव्हा हिंजवडीच्या चौकात अडकण्याचे तास वाचले आणि ते तास बघता बघता मीटिंगांनी खाल्ले. पाठ, मान, डोळे आणि झोप यांविषयी लिहीत नाही. चाळिशीतल्या कोणत्याही सहकाऱ्याला विचारावे.

बायकांच्या बाबतीत हे क्षेत्र सुरुवातीला जितके मोकळे आहे तितके पुढे राहत नाही. रात्री उशिरा घरापर्यंत सोडणारी कॅब, तिच्यासोबत सुरक्षारक्षक, तक्रार समिती, २०१७च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची प्रसूती रजा, या गोष्टी इतर अनेक खाजगी क्षेत्रांत कागदावरच असतात आणि येथे बहुतांशी मिळतात. माझ्या बॅचमध्ये मुली थोड्याथोडक्या नव्हत्या. आज माझ्या पदावरच्या मीटिंगमध्ये मी पुष्कळदा एकटी असते. मधल्या बायका गेल्या कुठे, याचे उत्तर वरच्याच हिशेबात आहे: बाळंतपणाची रजा संपवून परत आले की जुना प्रोजेक्ट दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो, नवा मिळेपर्यंत बेंचवर बसावे लागते, आणि ज्या वर्षी सहा महिने तास लागले नाहीत त्या वर्षीचे रेटिंग आपसूक खाली येते. नियम कोणी मोडलेला नसतो.

आता मधली वर्षे. साधारण दहा-बारा वर्षांच्या अनुभवानंतर अभियंत्यापुढे एक वळण येते: टीम लीड होऊन पुढे मॅनेजर व्हायचे की तांत्रिक कामात राहायचे. कागदावर दोन्ही वाटा सारख्या असतात. प्रत्यक्षात सेवा कंपन्यांत तांत्रिक वाटेवरच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, आणि ज्याला कोड लिहिणे आवडते असा माणूसही पगार वाढता राहावा म्हणून एक्सेल शीट, पाळ्यांचे तक्ते आणि वरपर्यंत गेलेल्या तक्रारींच्या मेलकडे वळतो. पाच-सात वर्षे हात कोडपासून दूर राहिला की परतीची वाट जवळजवळ बंद होते. नेमक्या याच सुमारास त्याचा पगार पिरॅमिडला जड व्हायला लागतो. मग मूल्यमापनाच्या ‘बेल कर्व्ह’मध्ये, म्हणजे ठरावीक टक्के माणसे वर आणि ठरावीक खाली दाखवण्याच्या पद्धतीत, कोणाला तरी तळाला बसवावे लागते, त्याला सुधारणेची मुदत म्हणून ‘पिप’वर घेतात, आणि शेवटी एचआरच्या लहानशा खोलीत सांगितले जाते की राजीनामा दिलात तर अनुभवपत्र स्वच्छ मिळेल. मी अशा खोलीबाहेर सहकाऱ्यांची वाट पाहत थांबले आहे. बाहेर आलेली माणसे चिडलेली नसतात. घरी कसे सांगायचे याचा विचार करत असतात.

कायद्याचा आधार या वयात फारसा उरत नाही. कामावरून काढण्याविरुद्धचे संरक्षण कायद्याने ‘कामगार’ ठरलेल्याला मिळते, आणि व्यवस्थापकीय काम करणारा त्या व्याख्येत बसत नाही. औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकाचे काम करून महिन्याला १८,००० रुपयांहून अधिक घेणाराही त्याबाहेर ठेवलेला आहे. म्हणजे मॅनेजर हे पद मिळाल्याचे पेढे आपण ज्या दिवशी वाटतो त्याच दिवशी हे छत्र डोक्यावरून गेलेले असते, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. जुलै २०२५मध्ये टीसीएसने आपल्या ६ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी साधारण २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यांत प्रामुख्याने मधल्या व वरच्या पातळीवरचे लोक असतील असे सांगितले. अनेकांना धक्का बसला, कारण टाटांची नोकरी ही आपल्याकडे सरकारी नोकरीच्या खालोखाल पक्की मानली जात होती. पिरॅमिडचा हिशेब ठाऊक असलेल्यांना धक्का आकड्याचा बसला, पातळीचा नाही.

यातून सुटण्यासाठी पूर्वी परदेशाची वाट होती. ऑनसाइट, म्हणजे परदेशात ग्राहकाकडे, दोन वर्षे काढली की फ्लॅटचे डाऊन पेमेंट जमे, आणि न्यू जर्सी किंवा बे एरियात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची संख्या त्याच वाटेने वाढली. आज ती वाट अरुंद झाली आहे. अमेरिकेत नोकरीसाठी लागणारे नवे एच-वन-बी व्हिसा कंपन्यांसाठी वर्षाला ८५ हजारच असतात आणि तेही सोडतीने. सप्टेंबर २०२५पासून अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नव्याने केलेल्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले गेले. आणि ग्रीन कार्डाच्या, म्हणजे तेथल्या कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेत प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांबली आहे की आईवडिलांचा नंबर लागण्याआधी मुले एकवीस वर्षांची होऊन त्या अर्जाबाहेर पडतात. पॅकेजबरोबर ‘ऑनसाइटची संधी’ असे कोणी सांगत असेल तर ती गोष्ट हिशेबात धरू नये.

त्यापेक्षा जवळची वाट बाणेर-खराडीत आहे. परदेशी बँका, वाहन कंपन्या, औषध कंपन्या यांनी पुण्यात स्वतःची केंद्रे उघडली आहेत. पूर्वी त्यांना कॅप्टिव्ह म्हणत, आता जीसीसी म्हणतात. तेथे तासांचे बिल नसते, त्यामुळे अनुभवी माणूस जड वाटत नाही, उलट बँकेचे व्यवहार आतून जाणणारा पंधरा वर्षांचा अभियंता तेथे हवाच असतो. स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या कंपन्यांतही असेच असते. धोका तेथेही आहे: न्यूयॉर्क किंवा म्युनिकमध्ये एका तिमाहीचे अंदाजपत्रक कापले गेले की येथले अख्खे पथक एका मेलने संपते. पण तो धोका वयाचा नाही, धंद्याचा आहे, आणि मला तो जास्त सोसण्याजोगा वाटतो. म्हणून नोकरी निवडताना पॅकेजच्या आधी एक प्रश्न विचारावा, आणि तो मुलाखतीत विचारायला अजिबात हरकत नाही: येथे माझ्या कामाचे पैसे कोण देतो आणि कशावरून मोजून देतो?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे सगळेच बदलेल असे रोज ऐकते. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हापासून माझ्या स्वतःच्या कामात जे बदलले तेवढेच सांगते. ज्या कामासाठी मी पूर्वी नवख्याला दोन दिवस देत असे, उदाहरणार्थ एका फाइलीचा साचा दुसऱ्या साच्यात बदलणारा छोटा प्रोग्राम, ते आता तासाभरात पुढ्यात येते. ते नीटनेटके असते, त्यावर टिप्पणीही छान लिहिलेली असते, आणि त्यात एखादा ओ’ब्रायन लपलेला असू शकतो. तो शोधायला आधीपेक्षा जास्त बारकाईने वाचावे लागते, कारण माणसाच्या गबाळ्या कोडमध्ये संशयाची जागा दिसून येते आणि या कोडमध्ये सगळेच आत्मविश्वासाने लिहिलेले असते. काळजी मला वेगळी वाटते. पूर्वी नवखी मुले अशीच कंटाळवाणी कामे करता करता वाचायला शिकत. ती कामेच गेली तर पिरॅमिडचा पाया आक्रसेल, सताड उघडे असलेले दार किलकिले होईल, आणि दहा वर्षांनी जाणती माणसे कुठून आणायची हा प्रश्न उभा राहील. तासांवर चालणाऱ्या कंपन्यांना तर अडचण दुहेरी आहे, कारण काम लवकर संपले की बिल कमी होते. यावर त्या काय करतात ते पुढच्या चार-पाच वर्षांत कळेल. तोवर कॉम्प्युटरच्या जागा वाढवत सुटलेल्या कॉलेजांकडे मी जरा धास्तीनेच पाहते.

राहिला संसाराचा हिशेब, आणि त्याबाबत मी ठाम आहे. बत्तिसाव्या वर्षी वीस वर्षांचे गृहकर्ज घेतले तर ते बावन्नाव्या वर्षी फिटते, आणि या व्यवसायात पंचेचाळीसनंतरचा पगार गृहीत धरणे धोक्याचे आहे. म्हणून चांगल्या वर्षांत मोठी गाडी घेण्याऐवजी मुद्दल फेडावे आणि कर्ज पंचेचाळीसच्या आत संपेल असे पाहावे. कंपनीच्या मेडिक्लेमवर विसंबू नये. साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो विमा थांबतो आणि बहुतेक वेळा त्याच पॉलिसीत आईवडीलही असतात. स्वतःची वेगळी पॉलिसी मधुमेह किंवा रक्तदाब सुरू होण्याआधी, म्हणजे पस्तिशीच्या आतच काढून ठेवावी, कारण आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. ती तीन वर्षे नोकरी चालू असताना, कंपनीच्या विम्याच्या आडोशाने निघून गेली तर पुढे त्रास होत नाही.